काचेवरचा टिळा

सोसायटीतील समस्त रहिवाशांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, दसऱ्याच्या सकाळी आपले फाटक सताड उघडे होते आणि एक गाय थेट पार्किंगची पाहणी करून गेली.

गुन्हेगाराला धरायला मी मोठ्या रुबाबात खाली उतरलो. आमचा नेपाळी वॉचमन प्रेमबहादूर केबिनमध्ये टोपी काढून, मोबाईलपुढे वाकून बसला होता.

"काय रे, आज मोबाईलची पूजा?"

"दोन मिनिटं, साहेब. आई टिळा लावते आहे."

त्यांच्याकडे दसऱ्याला वडीलधारी माणसं दही, तांदूळ आणि कुंकवाचा टिळा लावून आशीर्वाद देतात.

"मग गावी जायचंस की!"

"गेलो तर इथे दुसरा बसतो. गावात सगळं आहे साहेब, काम तेवढं नाही."

गावातले सगळे तरणे असेच आपापल्या फाटकांवर. तिकडे घरोघरी ताटं तयार, आशीर्वाद तयार. फक्त कपाळं परदेशी गेलेली. माझा रुबाब कुठल्या कुठे गेला.

पडद्यावर त्याची बहीण आईचा हात धरून मोबाईलपाशी आणत होती. म्हातारीला आता दिसत नाही. लाल बोटं जवळ आली, चाचपडली आणि पडदाभर कुंकू पसरलं. त्या लालीतून ती काहीतरी ओरडली. प्रेमबहादूरने मान आणखी खाली घातली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, 'कपाळ कुठंय रे तुझं? नुसती काचच हाताला लागते!'"