दोरी सोडू नकोस

माझी ताई शिक्षिका, आणि घरातही ती कधी सुट्टीवर नसायची. मी साठीला टेकले तरी माझं अक्षर सुधारायची. दर रविवारी प्रार्थनास्थळामागच्या खोलीत ती आमच्या ज्यू समाजातल्या मुलांना सण शिकवायची. मी बिनपगारी, फुल अधिकारी मात्र ती.

तिचा नियम एकच: नुसतं बघत कुणी बसायचं नाही. वल्हांडणाच्या सणाला, म्हणजे पूर्वज गुलामीतून सुटल्याच्या आठवणीला, समुद्र ओलांडायचा, तर आम्ही दोघींनी निळी चादर धरायची आणि खालून सगळ्यांनी जायचं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी ती उंच धरून माझे खांदे भरून यायचे. ऐकू न येणारा मुलगा सणाला लहानांनी विचारायचे ठरलेले प्रश्न हातांनी विचारायचा आणि बाकीचे त्याच्याकडून ते शिकायचे. गुलामीतले अश्रू म्हणून मिठाचं पाणी मात्र सगळ्यांना, मलासुद्धा.

या सणाच्या जेवणात बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या पिठाच्या भाकरीचा एक तुकडा लपवतात आणि मुलं तो शोधतात. तो सापडून खाल्ल्याशिवाय जेवण संपत नाही. वर्गातल्या सरावाच्या जेवणातही तेच. आमच्यात सात वर्षांची एक मुलगी होती, जन्मापासून न दिसणारी. आदल्या वर्षी बाकीच्यांनी तुकडा पळवला आणि ती टेबल धरून त्यांचं हसणं ऐकत राहिली. ते ताईच्या जिव्हारी लागलं.

"पुढच्या वर्षी तुकडा तूच काढायचास. एकटीनं," तिनं शब्द दिला.

म्हणून या खेपेला तिनं खोलीभर दोरी बांधली, मुलीच्या हाताच्या उंचीवर. एक गाठ म्हणजे वळ, दोन गाठी म्हणजे थांब. त्याच दिवसांत ताई चहात मीठ घालू लागली होती. मी "म्हातारचळ लागला" म्हणून हसले होते. आज त्या हसण्याची लाज वाटते.

जेवण झालं. बाकीची मुलं हाताची घडी घालून गप्प बसली. मुलगी दोरी धरून निघाली. खिडकी, फळा, कोटांच्या खुंट्या. मग दोन गाठी आणि कपाटाचा खालचा खण. तिनं आत हात फिरवला.

"बाई, इथे काहीच नाही."

ताईनं स्वतः खण उपसला. "इथेच ठेवला होता. तू हलवलास?" ती माझ्यावर खेकसली.

"मी कशाला हलवू?"

"दोरी सोडू नकोस गं," ती मुलीला म्हणाली. "आत्ता सापडेल."

पाऊण तास आम्ही शोधलं. सगळी पुस्तकं खाली आली, लहान मुलं रडकुंडीला आली. मी हळूच म्हटलं, "दुसरा तुकडा ठेवते, कुणाला कळतंय?"

"मला कळेल," ताई म्हणाली.

पालक आले. मुलगी दोरी धरून उभीच होती. शेवटी तिच्या आईनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

दुसऱ्या दिवशी ताईचा स्वेटर धुवायला घेतला, तर खिशात कापडात गुंडाळलेला तुकडा. आदला दिवसभर तो तिच्या अंगावरच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एरवी मी हसून म्हटलं असतं. तेव्हा मात्र न्हाणीघरात बसून रडले.

आठवड्याभरात प्रार्थनास्थळाच्या समितीनं बाईंना विश्रांती दिली. वर्ग बंद झाला, आणि मुलीचं कुटुंब दुसऱ्या शहरात निघून गेलं.

याला चार वर्षं झाली. ताईला माझं नाव आठवत नाही. पण जेवण झालं की ती टेबलावरून उठत नाही. "तुकडा सापडला नाही अजून," म्हणते. मी समजावलं, ओरडले, एकदा तर हाताला धरून ओढलंही. आता तिच्या खुर्चीपासून कपाटापर्यंत दोरी बांधते. एक गाठ, दोन गाठी. खणात बिस्किटाचा तुकडा, कापडात गुंडाळलेला. ती डोळे मिटून दोरी चाचपत जाते, तुकडा काढते आणि माझ्या हातावर ठेवते.

"त्या मुलीला दे. केव्हाची उभी आहे."

"दिला गं ताई. खाल्लासुद्धा तिनं."

"मग ती दोरी का सोडत नाही?"

मी तुकडा टेबलावर ठेवते आणि दोरीवरून ताईची बोटं एकेक करून सोडवते.