परतूरचा जुना जिल्हा

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी इथे परदेशात, बुओना व्हिस्टाच्या माझ्या भाड्याच्या खोलीत, खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे वाळत घालत होते. शनिवारची दुपार होती. "हे गेले गं… औरंगाबादला… कचेरीच्या जिन्यातच," एवढंच त्या म्हणाल्या. मागे त्यांची मुलगी, मैत्री, हुंदके देत होती. विलासदादा गेले, हे कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते आज सात आठवड्यांनी लिहितानाही लाज वाटते. आता त्यांना काही सांगावं लागणार नाही, असा तो विचार होता. क्षणभरच होता, पण होता. मग मी ओला टॉवेल हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.

विलासदादा तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होते आणि बुकित बातोकला राहत. आमची ओळख बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात झाली, तीही भांडणातून. खिरीत साखर जास्त झाली असं मी म्हणाले, आणि खीर त्यांनी केलेली होती! माझी पीएचडी रसायनशास्त्रातली, म्हणून ते मला 'डॉक्टरीणबाई' म्हणत. "ताप आला तर तुझा काडीचा उपयोग नाही, पण हाक मारायला भारदस्त वाटतं." इथल्या आम्हा बौद्ध मराठी मंडळींत कुणाला काही अर्ज भरायचा असला की त्यांच्याकडे जायचं. नुसत्या ऐकीव माहितीवर एक रकाना म्हणून भरू द्यायचे नाहीत. अशा माणसानं एकदाच ऐकीव माहितीवर भरवसा ठेवला, आणि ती माहिती माझी होती.

झालं असं की त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाची मुलगी, प्रज्ञा, तिला यंदा मेडिकलला प्रवेश मिळाला. मुलगी कल्याणला आईबरोबर राहायची, शिक्षणाचं सगळं काका बघायचे. अट एकच होती, दिवाळीच्या आत जातवैधता प्रमाणपत्र आणा, नाहीतर प्रवेश रद्द. त्यासाठी समितीला तिच्या आजोबांच्या, म्हणजे विलासदादांच्या वडिलांच्या नावाचा, गावाकडचा जुना सरकारी कागद हवा होता. आणि नेमकं गावच त्या घरानं टाकलेलं. मेलेली जनावरं ओढणार नाही म्हणून वडील तरुणपणी बायको-मुलाला घेऊन मुंबईला निघून आले, पुढे धम्म घेतला, आणि त्यानंतर घरात कुणी गावाचा विषय काढला तर जेवणावरून उठून जायचे. ते गेले तेव्हा मुलांना ठाऊक होतं ते इतकंच, परतूरजवळचं पिंपळगाव. नातलग नाही, शेजारी नाही, विचारायचं कुणाला? एक्कावन्न सालच्या जनगणनेच्या वेळी गावोगावी नावांच्या वह्या केल्या होत्या आणि त्या जुन्या जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये असतील, असं कुणीतरी सुचवलं. "ज्या गावानं आमच्या म्हाताऱ्याला माणसात धरलं नाही, त्या गावानं त्याला माणसांत मोजलं का, ते बघत हिंडायचं," विलासदादा म्हणाले होते.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "परतूर आता जालना जिल्ह्यात आहे. पण जालना नवा जिल्हा. जुना कुठला गं?"

"औरंगाबाद. अहो, मी तिथलीच ना! माझ्या लहानपणी जालना आमच्याच जिल्ह्यात होता."

"बघून सांगतेस ना?"

"माझ्या माहेरचा जिल्हा मी आता पुस्तकात बघू का, दादा?"

ते हसले आणि खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.

गणपतीच्या सुमारास ते पहिल्यांदा गेले. वह्या उर्दूत, यांना अलिफ कळत नाही. एक निवृत्त मास्तर शेजारी बसून नावं वाचून दाखवायचे. आमच्या भागात पिंपळगावं म्हणजे ज्याला त्याला एक! संध्याकाळी फोन यायचा, "आज तिसरं पिंपळगाव संपलं, डॉक्टरीणबाई. वडिलांच्या नावाचा माणूस प्रत्येक गावात भेटतो, पण आईचं नाव जुळत नाही." परत आले ते काळवंडून, गालफडं बसलेली. मैत्रीनं जेवताना विचारलं, "बाबा, व्हाय मस्ट प्रूव्ह? दे डोन्ट बिलीव्ह यू, आह?" त्यांनी तिच्या पानात पोळी वाढली. दिवाळी तीन आठवड्यांवर आली तेव्हा उरलीसुरली रजा टाकून ते पुन्हा औरंगाबादला गेले.

त्यांची वणवण जरा कमी व्हावी म्हणून मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. तिथे जुन्या हैदराबाद राज्याच्या जनगणनेचे खंड आहेत, हे मला आधीपासून माहीत होतं. कधी उघडले नव्हते, इतकंच. सगळ्या पिंपळगावांची यादी करून द्यावी असा विचार होता. औरंगाबाद जिल्ह्याखाली जालना होता, अंबड होता, भोकरदन होता… परतूर नव्हतं. काही पानं पुढे, परभणी जिल्ह्याखाली, परतूर होतं. जालना आमचा होता, पण परतूर कधीच आमचं नव्हतं.

तो शुक्रवार होता. त्यांचा तिथला नंबर माझ्याकडे होता. मी आकडे दाबत गेले आणि शेवटचा दाबायच्या आधी फोन ठेवला. ते ओरडले नसते, हसले असते, आणि तेच मला सोसवलं नसतं. उद्या सांगू, म्हटलं. चार पिंपळगावं वाया गेलीच आहेत, तर एका दिवसानं काय बिघडतं… हृदय आधीपासूनच नाजूक होतं, असं सगळे मला समजावतात. असेलही. पण मी फोन केला असता तर शनिवारी ते त्या जिन्यात नसते, परभणीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेले असते.

चौथ्या दिवशी मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "परभणीत नक्की आहे ना?" प्रज्ञा एकटीच गेली. दोन तासांत वही मिळाली. तिचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. "मावशी, आजोबा आहेत, आजी आहे… आणि मुलगा एक, वय वर्ष एक. माझे पप्पा आहेत ते, मावशी!" कागद समितीपर्यंत पोचला, पण प्रमाणपत्र हाती येईपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. ती आता पुन्हा परीक्षेला बसणार आहे. मला दोष देत नाही, आणि तिनं द्यावा असं मला वाटतं.

गेल्या रविवारी बुकित बातोकला गेले होते. विलासदादांच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून एक मोठा ट्रेसिंग पेपर चिकटवलेला आहे. त्यावर त्यांनी घराण्याची वंशावळ काढली आहे, यंत्राचा आराखडा काढावा तशी, पट्टीनं रेघा मारून. वडिलांच्या वरची चौकट रिकामी. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला. जिल्हा औरंगाबाद, काळ्या शाईत, खाली दोन रेघा. निदान एवढं तरी दुरुस्त करावं म्हणून मी पर्समधून पेन काढलं. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं.

"चुकीचं असू दे. अक्षर त्यांचं आहे."

मी पेनाला टोपण लावलं.