झाकलेलं काम

ठेकेदारांना सगळे ‘पक्के’ म्हणत. भिंत कशीही उभी राहो, गिलावा झाला की तिच्यावर थाप मारून ते म्हणायचे, ‘‘काम पक्कं.’’ ज्यांच्या घरांना पुढे तडे गेले त्यांनीच हे नाव पाडलं होतं. ठेकेदार ते कौतुक समजून जन्मभर मिरवत राहिले. आत माल किती घातला, हे गिलाव्यानंतर कुणाच्या बापाला दिसत नाही, हे त्यांचं एकमेव शास्त्र, आणि त्यावर त्यांचा धंदा छान चालला.

त्यांची बायको मात्र त्यांना ओळखून होती. त्यांनीच बांधलेल्या घरात राहायचं म्हटल्यावर ओळखणं भागच होतं. वर जायच्या जिन्याच्या त्यांनी दोन पायऱ्या वाचवल्या होत्या. त्यामुळे उरलेल्या इतक्या उंच झाल्या की चढणारा माणूस निम्म्यातच गुडघ्यावर हात टेकायचा. मोरी खाली आणि कपडे वाळत घालायचे गच्चीवर. ओल्या धुण्याची बादली घेऊन ती तो जिना इतकी वर्षं चढली की तिच्या गुडघ्यांतली गादी संपली. ठेकेदारांचीही संपली होती. पण त्यांचे गुडघे बोंबलत झिजले आणि तिचे गुपचूप, म्हणून गुडघा बदलायच्या ऑपरेशनला पहिला नंबर त्यांचा लागला. ‘‘आधी माझं कसं होतंय ते बघू, मग तुझं,’’ असं ते म्हणाले होते, जणू तिच्यासाठी विषाची परीक्षाच घेत होते.

ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचा भाग तेवढा बधिर केला होता. कान शाबूत होते, आणि घोटाळा तिथेच झाला. डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं की नवा सांधा सिमेंटने बसवतात, पण ते गोणीतलं सिमेंट नव्हे. एक पूड आणि एक द्रव कालवला की मऊ कणकेसारखा गोळा होतो. तो कापलेल्या हाडावर आणि धातूच्या सांध्याच्या पाठीला लावायचा, सांधा दाबून बसवायचा, कडेने बाहेर आलेला भाग काढून टाकायचा, आणि पाय धरून ठेवायचा. पंधराएक मिनिटांत त्याचा दगड होतो. हे ठेकेदारांना पटलं होतं. पण आडव्या धरलेल्या कापडापलीकडून त्यांनी ते बाहेर आलेलं खरवडल्याचा आवाज ऐकला, आणि तिथून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

घरी आल्यावर ते खालच्या खोलीत पाय ताठ करून पडले ते पडलेच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, ‘‘माल खरवडून फेकला हो, या कानांनी ऐकलं. मग आत राहिला किती? वरून टाके घातले, पट्टी बांधली. झालं. झाकलेलं काम!’’

व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिने गोडीत सांगितलं, मग रागावून सांगितलं. ‘‘काका, सांधा टेबलावरच पक्का झालाय. आता वाकवला नाहीत तर आखडून जाईल. मग परत भूल देऊन जोराने वाकवावा लागेल.’’

काकांनी डोळे मिटून घेतले. ‘पक्का’ हा शब्द कधी वापरतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

बायकोने एक्स-रे खिडकीशी धरून दाखवला. पांढराशुभ्र धातू, आणि त्याखाली सगळीकडे सारखा बसलेला सिमेंटचा बारीक थर. ठेकेदारांनी मान वळवली. ‘‘फोटोचं काय सांगतेस? गिऱ्हाइकाला फोटो आपणही दाखवायचो.’’

दाखवायचेच. दुसऱ्या ठेकेदाराच्या इमारतींचे.

उशाशी एक घंटी ठेवली होती. ती वाजली की बायको लंगडत जायची. पाणी, चष्मा, पेपर, उशी वर, उशी खाली. धडधाकट नवा गुडघा गादीवर लोळत होता आणि झिजलेले दोन त्याच्या तैनातीला होते. तेही तिने चालवून घेतलं असतं. पण एका दुपारी तिच्या हातातल्या चहाकडे हात पुढे करत ते म्हणाले, ‘‘तू काही ते करून घेऊ नकोस. माझ्या पायाचं लाकूड झालं. तुझं निदान चालतंय तरी.’’

चहा तिच्या हातातच राहिला. या माणसाच्या भित्रेपणावर आपले गुडघे कायमचे निकालात निघणार, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं.

‘‘अहो,’’ ती अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘तो डॉक्टर तुमच्या हाताखाली काम शिकलेला नाही.’’

एवढं बोलून ती चहा घेऊन स्वयंपाकघरात परतली, कप टेबलावर झाकून ठेवला, स्टुलावर पाय पसरले आणि हॉस्पिटलला फोन लावला. घंटी वाजायला लागली. वाजतच राहिली. फोनवरच्या बाईने विचारलं, कसला आवाज येतोय? ‘‘काही नाही, आमचे पेशंट आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही माझी तारीख सांगा.’’

घंटी थांबली. मग वॉकरची ठकठक आणि त्यामागून शिव्यांची पुटपुट स्वयंपाकघराकडे सरकू लागली.

‘‘चहा,’’ ठेकेदार दारातून म्हणाले.

‘‘बसा.’’

बसायचं म्हणजे गुडघा वाकवायचा. त्यांनी टेबलाची कड धरली आणि श्वास रोखून खाली खाली आले. तडा जातानाचा आवाज त्यांच्या चांगला ओळखीचा होता, आणि ते तोच ऐकायला कान लावून होते. काहीही तडकलं नाही. दुखलं खूप, डोळ्यांत पाणी आलं, पण सांधा वाकला आणि त्यांना खुर्चीवर टेकवून स्वस्थ राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. कुणी बघणार नाही अशा जागी कुणीतरी नीट काम केलं होतं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

गार चहाचा घोट घेऊन त्यांनी मांडीवर थाप मारली. ‘‘काम पक्कं आहे. मी कान देऊन होतो, म्हणून.’’

‘‘हो, म्हणूनच,’’ बायको म्हणाली. ‘‘पुढच्या महिन्यात माझं आहे, आत्ताच ठरवलं. तोवर पाय सुटा करून ठेवा. मी पडून असेन तेव्हा धुणं तुम्हालाच वर न्यायचंय. जिना काय, तुमच्याच हातचा आहे.’’