सुंदरा अक्कांच्या परसातली भीती

“दाणे एवढे उरलेत, मग फोलपटं एवढी कुठून आली?” मी मलरला विचारलं.

लॅपटॉपवरून मान वर न करता ती म्हणाली, “खारी आहेत मॅडम. काहीही करतात.”

मलर माझी पीएचडीची विद्यार्थिनी. शुक्रवारी तिचा प्री-सबमिशन सेमिनार होता. तो झाला की थिसिस जमा, आणि थिसिस जमा झाला की कुंभकोणमच्या एका कॉलेजात लेक्चररची जागा तिची. पापनाशमहून रोज बसने येणारी पोर. घरी लग्नाचा तगादा चाललेला, नोकरी लागली तरच तो थांबणार. आणि मी सोमवारी फोलपटांच्या पिशव्या उघडून बसलेली!

आमचं काम थोडक्यात सांगते. खाताना प्राणी पोटाचा विचार करतो तसा जिवाचाही करतो. आम्ही ट्रेमध्ये वाळू घालतो, तिच्यात वजन करून साळीचे दाणे मिसळतो आणि ट्रे परसात ठेवतो. खार उकरून खात बसते. दाणे कमी होतात तसा शोधायला वेळ लागतो, आणि कधीतरी ती ठरवते, पुरे, आता इथे थांबणं धोक्याचं. ती गेल्यावर जे दाणे उरतात त्याला गिव्हिंग-अप डेन्सिटी म्हणतात; फोलपटं आम्ही पिशवीत भरून ठेवतो. जास्त उरलं म्हणजे भीती जास्त. एवढंच शास्त्र.

राजवाड्यामागे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांच्या गल्लीत मलरचे ट्रे होते. घरं माझ्याच ओळखीने मिळालेली. सगळ्यांत जास्त दाणे उरायचे सुंदरा अक्कांकडे. त्यांच्या परसाच्या भिंतीवर एक दांडगा बोका पसरलेला असतो. त्याला भिऊन खारी खाणं अर्धं टाकून पळतात, असं मलरचं म्हणणं. तिचा सगळा चौथा चॅप्टर त्या बोक्यावर उभा होता.

पण दाणा सोलला तरच फोलपट पडतं ना? मग एवढी फोलपटं पडूनही दाणे उरले कसे? मला चैन पडेना. समोरचा चहा गार झाला. क्लासवर काय शिकवलं देव जाणे. शेवटी एचओडींच्या केबिनमध्ये गेले.

“सर, एका साइटच्या डेटाबद्दल शंका आहे.”

“एकच ना? ॲव्हरेजमध्ये जाईल.”

“नाही जाणार. रिझल्ट तिच्यावरच आहे.”

“मॅडम, शुक्रवारी बाहेरचे एक्सपर्ट येताहेत. आता कशाला उकरून काढता? त्या मुलीचं नुकसान होईल.”

हे काय मला कळत नव्हतं? म्हणून तर जीव खालीवर होत होता.

डेटा घेणं कधीच संपलं होतं. तरी मंगळवारी सकाळी मी मलरला अक्कांकडे एक ट्रे पुन्हा ठेवायला लावला, आणि संध्याकाळी आणायला मीच गेले. सुंदरा अक्का पोस्टातून रिटायर झालेल्या, एकदम खणखणीत बाई.

“अगो, तू कशी आलीस? ती पोर कुठंय?”

“तिला काम आहे अक्का. परसातला ट्रे नेते.”

“तू बस. कॉफी घे. परसात शेवाळ आहे, घसरशील. तिलाही मी दारातच आणून देते.”

दारात आणून देतात? म्हणजे ट्रे मलरने स्वतः उचललाच नव्हता. मी त्यांच्या मागोमाग गेलेच. अक्कांनी ट्रे उचलला. वाळूवर फोलपटंच फोलपटं, दाणा औषधाला नाही. बोका भिंतीवर खुशाल झोपलेला. अक्का ट्रे घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या. ओरत्तनाडूच्या शेतातून आलेल्या साळीच्या पोत्यात त्यांनी हात घातला, मूठभर दाणे ट्रेमध्ये टाकले आणि बोटांनी वाळूत मिसळले.

“अक्का! हे काय करता?”

“काय म्हणजे? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं?”

“रोज घालत होता?”

“रोज. त्या मेल्या खारी काही ठेवतात होय?”

मी तिथेच स्टुलावर बसले. शेजारणीची वाटी परत देताना मीही चमचाभर साखर घातल्याशिवाय देत नाही. कुठल्या तोंडाने रागवू?

“अक्का, तुम्ही त्या पोरीचा चॅप्टर खाल्लात.”

“अय्यो! मी कुठे खाल्लं? मी तर घातलं!”

मलरला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला.

“फोलपटांवरून हिशेब नाही लागणार?”

“वाऱ्याने किती उडाली, कोण सांगणार?”

“तुम्ही सेमिनार झाल्यावर अक्कांकडे गेला असतात तर काय बिघडलं असतं?”

“थिसिस खोटा राहिला असता.”

“आणि माझी नोकरी?”

ती रडत बसस्टँडकडे गेली. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी घरी कुणाशी धड बोलले नाही.

सेमिनार पुढे गेला. एचओडी कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. कुंभकोणमची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मलरने अक्कांच्या परसातला सगळा डेटा पुन्हा घेतला, शेवाळावरून स्वतः जाऊन. अक्कांनी ट्रेला हात लावायचा नाही असं ठरलं, तर त्या तिच्या हातात चकलीसारखा मुरुक्कू ठेवू लागल्या. घरच्यांना तिने कसं थोपवलं ते तिने मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नवा निकाल असा: गल्लीत सगळ्यांत कमी दाणे अक्कांकडेच उरत होते. तो बोका पोटभर जेवून भिंतीवरून उतरतच नाही, हे खारींना पक्कं ठाऊक होतं. चॅप्टर नीरस झाला. परीक्षकांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

मलर आता तिरुचीच्या बाजूला शिकवते. परवा फोन आला.

“मॅडम, खरं सांगू? अजून तुमचा राग येतो.”

“येऊ दे.”

“पण माझ्या विद्यार्थ्यांचे ट्रे आणायला मी अधूनमधून स्वतः जाते.”

जो रिझल्ट बघून फार आनंद होतो, त्याचा ट्रे एकदा आपल्या हाताने उचलून आणावा. आणि जमलं तर सेमिनारच्या वर्षभर आधी.