आठ ते नऊची चाचणी

ऑनलाइन शिक्षण शाळेत रुजवल्याबद्दल आमच्या संस्थेनं दहावी 'अ'च्या सरांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसले होते आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. त्या टाळ्या अजून माझ्या डोक्यातून गेलेल्या नाहीत. का वाजवल्या, ते सांगते.

मी दहावी 'ब'ला विज्ञान शिकवते. शाळा भूम तालुक्यातल्या एका मोठ्या खेड्यात आहे. मी स्वतः परंड्याच्या बाजारात आईशेजारी बसून भाजी विकत मोठी झाले. वांग्यांच्या ढिगामागं पुस्तक धरून दहावी केली, पुढं बी.एस्सी., बी.एड. झाले. नोकरीसाठी कुणाची चिठ्ठी आणली नाही. म्हणून असेल, पण अजूनही घासाघीस केल्याशिवाय मला कोथिंबिरीची जुडी घेता येत नाही. आणि माझा माल न बघताच कुणी हलका म्हटला तर माझं डोकं फिरतं.

त्या वर्षी संस्थेनं सगळ्या शाळांसाठी एक अ‍ॅप घेतलं. शिक्षकांनी धड्याचे व्हिडिओ टाकायचे, मुलांनी घरी बघायचे, आणि दर शनिवारी रात्री आठ ते नऊ या वेळेत अ‍ॅपवर वीस गुणांची चाचणी द्यायची. नऊ वाजले की चाचणी आपोआप बंद. गुण लगेच पालकांच्या मोबाइलवर. या चाचण्या अंतर्गत गुणांसाठीही धरायच्या, असं संस्थेनं ठरवलं होतं. दोन्ही तुकड्यांना प्रश्न एकच. ते प्रश्न मी काढत होते, कारण 'अ'च्या सरांना मराठीत टाइप करायचा कंटाळा. अ‍ॅपमध्ये प्रश्न भरायचे, बरोबर उत्तरावर खूण करायची, हे सगळं मी करायचे. सर फक्त त्यांच्या तुकडीचा निकाल उघडून बघायचे.

महिन्याभरानं मीटिंग झाली. मुख्याध्यापकांनी भिंतीवर पडद्यावर तक्ता लावला. ज्याचं चांगलं त्याच्यापुढं हिरवा ठिपका, वाईट त्याच्यापुढं लाल. 'अ' तुकडी वरपासून खालपर्यंत हिरवीगार. माझी तुकडी मिरच्या वाळत घातल्यासारखी.

"मॅडम, तुमच्या वर्गाला अजून ऑनलाइनची गोडी लागली नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"गोडी लावायला आधी मोबाइल हातात यावा लागतो, सर."

"का? 'अ'ची पोरं काय परदेशातून आलीत का?"

सगळे हसले. 'अ'चे सर हसले नाहीत, त्यांनी नम्रपणे मान खाली घातली. त्या नम्रतेनंच मला जास्त पेटवलं. मी खुर्ची मागं ढकलून उठले आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात माझ्या वर्गातले लाल ठिपके मोजून दाखवा.

बोलून तर बसले. मग कामाला लागले. आमच्याकडं घरात मोबाइल असतो, पण तो बापाच्या खिशात असतो आणि बाप रात्री नऊशिवाय घरी येत नाही. म्हणून मी आठवडी बाजाराच्या दिवशी बापांना गाठायला लागले. तिथं मला कसं बोलायचं ते ठाऊक होतं. आधी म्हणायचं, पोरीला नवा मोबाइल घेऊन द्या. बाप दचकतो. मग म्हणायचं, बरं, दररोज दोन तास तुमचा द्या. तो डोकं खाजवतो. मग उठून चालायला लागायचं आणि वळून म्हणायचं, जाऊ द्या, शनिवारचा एक तास तरी द्या. तो तास मिळायचा. एका बापानं तर हात जोडले, "मॅडम, द्येतो, पण बाजारात सगळ्यांसमोर वरडू नका." त्या महिन्यात बरेच ठिपके हिरवे झाले.

एक ठिपका मात्र हलेना. ती मुलगी माझ्या वर्गात सगळ्यांत चलाख होती. फळ्यासमोर उभी केली की किरणाकृती न चुकता काढायची. आणि अ‍ॅपवर वीसपैकी दोन, तीन. एकदा शून्य. विचारलं तर नुसतं म्हणायची, "बाई, टाइम पुरत नाही." त्यांची खव्याची भट्टी होती. आमच्या भागात घरोघरी दूध आटवतात आणि खवा गाडीनं पुण्या-सोलापूरच्या मिठाईवाल्यांकडं जातो. मी मनाशी धरलं, इथंही बापच मोबाइल सोडत नसणार. एका शनिवारी सव्वासातलाच त्यांच्या भट्टीवर जाऊन बसले.

बाप उघड्या अंगानं मोठ्या कढईत उलथणं फिरवत होता. आई चुलीत लाकडं सारत होती. धुरानं डोळे चुरचुरायला लागले.

"मॅडम, तुमी? बसा. ए, मॅडमला पोतं टाक," तो म्हणाला. हात काही थांबला नाही. खवा लागायला आला की उलथणं थांबवता येत नाही.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. "पोरीला नवा मोबाइल घ्या."

"कशाला? हाय की तिच्यापाशी."

"तुमचा?"

"माझाच. पर असतोय तिच्यापाशीच. मला कुठं जमतंय बोलायला, हात असे," असं म्हणून त्यानं खव्यानं माखलेला हात दाखवला.

माझा सौदा सुरू व्हायच्या आधीच संपला. मुलगी भिंतीशी टेकून बसली होती, मांडीवर मोबाइल. आठ वाजले. तिनं चाचणी उघडली. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. तेवढ्यात मोबाइल वाजला. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि फोन उचलला.

"बोला शेठ… न्हाय हो, त्या भावात न्हाय परवडत. दूध किती महाग झालंय, तुमाला म्हायती न्हाय का?… बरं मग दुसरीकडनं घ्या. पर कालचा त्यांचा खवा रवाळ निघाला म्हणून तुमीच सांगत व्हता ना?… हां. मग वजन सांगा. न्हाय, आधी वजन सांगा, मग भाव."

मी थक्क होऊन ऐकत राहिले. आधी वजन, मग भाव. गिऱ्हाईक जास्त माल सांगून बसलं की भावात मागं फिरायला लाजतं. हे मी आईकडून शिकायला कितीतरी वर्षं घालवली होती.

फोन ठेवून तिनं पडदा दाखवला. चाचणी बंद झाली होती. मध्ये फोन घेतला की मुलगा दुसरीकडं उत्तर शोधतोय असं अ‍ॅप समजतं आणि चाचणी जमा करून टाकतं. वीसपैकी दोन.

"रोज आठ ते नऊच फोन येतात बाई," ती म्हणाली. "दुकानं आवरली की शेठ लोक दुसऱ्या दिवसाचा माल सांगतात. न्हाय उचलला तर दुसऱ्या भट्टीला लावतात."

तेवढ्यात मोबाइल टुणकन वाजला. अ‍ॅपचा संदेश: आपल्या पाल्याचे गुण दोन. बापानं मान वाकवून वाचलं. "बघा मॅडम. दर शनिवारी हेच येतंय. मी काय म्हणतो, शाळा तिच्या डोक्यात शिरंना. दहावी झाली की बास. हितं भट्टीवर तिचा लई उपयोग हाय."

"अहो, ती वर्गात पहिली आहे!"

"मग हे काय खोटं सांगतंय? तुमच्याच शाळेचं हाय की हे."

मोबाइलवर शाळेचंच नाव होतं. मुलीनं मोबाइल पुन्हा मांडीवर ठेवला, पुढच्या फोनची वाट बघत. तिला पुढं शिकायचं होतं, हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. पण मी निघाले तेव्हा ती रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, "बाई, ती चाचणी सकाळी न्हाय का ठेवता येत? सकाळी सात ते आठ फोन येत न्हाय."

सोमवारी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, चाचणी शनिवारी दिवसभर उघडी ठेवा. ते म्हणाले, वेळ संस्थेनं ठरवलीय, एका मुलीसाठी बदलता येत नाही. मी आवाज चढवला, त्यांनी आणखी चढवला. शिपाई दारातून डोकावून गेला. मी हात हलवत बाहेर आले.

त्याच दुपारी माझ्या वर्गातली दोन-तीन हुशार पोरं तक्रार घेऊन आली. "बाई, निकटदृष्टितेला अंतर्वक्र भिंग वापरतात ना? आम्ही तेच लिहिलं, अ‍ॅपनं चूक दिलं." मी उघडून बघितलं. घाईत माझ्याकडून बहिर्वक्र भिंगावर खूण पडली होती. चूक माझी. पुस्तक वाचून ज्यांनी बरोबर लिहिलं त्यांचाच गुण गेला होता.

दुरुस्त करायला बसले आणि सहज 'अ' तुकडीचा निकाल उघडला. सगळ्यांनी बहिर्वक्र लिहिलं होतं. एकूण एक मुलानं. पहिल्या बाकावरच्या पोरानंही, ज्याच्या नाकावर स्वतःच्या अंतर्वक्र भिंगाचा चष्मा आहे! चूक करायची तर मुलं आपापली करतात, एकाच ठिकाणी सगळी तुकडी पडत नाही. चाचणी संपायच्या आत ती खूण दिसायची फक्त मला आणि 'अ'च्या सरांना, कारण अ‍ॅपमधला शिक्षकांचा भाग आम्हा दोघांनाच उघडत होता. चष्मेवाल्या पोराला मी जिन्यात गाठलं. तो घाबरून म्हणाला, "बाई, पावणेनऊला ग्रुपवर उत्तरं येतात. सर म्हणतात, बघून लिहिलं तरी लक्षात राहतं."

माझं डोकं असं तापलं की मी तशीच शिक्षकखोलीकडं निघाले. अर्ध्या पायऱ्यांवर थांबले. तिथं ओरडले असते तर भांडण झालं असतं, चार दिवस चर्चा झाली असती, आणि चाचणी आठ ते नऊच राहिली असती. हातात चांगला माल असताना तो फेकून मारायचा नसतो. मी मुख्याध्यापकांकडं गेले आणि दार लावून घेतलं.

"पुन्हा काय?" ते म्हणाले.

मी भिंगाचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. पुढच्या आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष सत्काराला येणार होते. शाली आणून झाल्या होत्या.

"तुमचं म्हणणं काय आहे, मॅडम?"

"आतापर्यंतच्या सगळ्या चाचण्या रद्द करा. दोन्ही तुकड्यांच्या."

"शक्य नाही."

"मग माझ्या मुलांच्या चाचण्या परत घ्या."

"अहो, अध्यक्षांना काय सांगू? परत का घेतल्या म्हणून?"

"मग अध्यक्षांना मीच सांगते," असं म्हणून मी पर्स उचलली आणि उठले.

"बसा. बसा हो. लगेच काय तलवार काढता? शेवटचं बोला."

"चाचणी शनिवारी सकाळी सहा ते रात्री दहा उघडी. मधे फोन आला तर जिथं थांबलं तिथून पुढं. आणि त्या मुलीच्या घरी शाळेकडून पत्र, की आधीचे गुण तांत्रिक अडचणीमुळं कमी आलेत."

"आणि तुम्ही?"

"सत्कारात काही बोलणार नाही."

त्यांनी संस्थेच्या कार्यालयाला फोन लावला. माझ्यासमोरच. पुढं पेपरवेट जागेवर ठेवत म्हणाले, "टाळ्या वाजवा म्हणजे झालं. तुम्ही नुसत्या बसलात तर लोक मला विचारतील." तेवढं वरचं त्यांनी माझ्याकडून काढलंच. आधीच्या चाचण्यांचे गुण तसेच राहिले, तेही मला सोडावं लागलं. 'अ'च्या सरांना त्यांनी खाजगीत काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण पुढच्या चाचणीत ती तुकडी हिरवीच्या हिरवी राहिली नाही.

त्या शनिवारी सकाळी साडेआठला माझा फोन वाजला. मुलीचा बाप.

"मॅडम, सतरा आलेत. वीसातले."

"मग?"

"न्हाय, म्हणलं ह्यात काय घोळ तर न्हाय ना? परवा दोन, आज सतरा."

"घोळ आधीच्यात होता. शाळेचं पत्र आलंय ना?"

"आलंय की. माझ्यासमोरच बसली व्हती. मी उलथणं फिरवत तिच्याकडंच बघत व्हतो. कुणाला इचारलं न्हाय तिनं." मग त्यानंच विचारलं, "अकरावीचं काय म्हणत व्हता तुमी?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. पण बाजारात गिऱ्हाईकानं आपणहून भाव विचारला की मागचं काढत बसायचं नसतं. "सायन्सला घालायचं म्हणत होते. बार्शीला."

"बघू," तो म्हणाला.

नंतर आठवडाभरात सत्कार झाला. अध्यक्ष म्हणाले, तंत्रज्ञान खेड्यापर्यंत नेणारे असे शिक्षक हवेत. 'अ'च्या सरांनी नम्रपणे मान खाली घातली. मुख्याध्यापक व्यासपीठावरून दुसऱ्या रांगेकडं बघत होते. मी टाळ्या वाजवल्या. ठरलं होतं तितक्याच.

ती मुलगी आता बार्शीला अकरावीला आहे. रात्री आठनंतर बापाचा तिला फोन येतो, शेठ अमुक भाव म्हणतोय, काय सांगू? तिथं बसून ती सांगते, आधी वजन विचारा.

तिची मला काळजी नाही. सौदा केल्याचा पश्चात्तापही नाही. पण ते प्रश्न मी काढले होते, बापांच्या मागं बाजारभर मी फिरले होते, आणि सरांच्या दिवाणखान्यात आज ती शाल काचेच्या चौकटीत लावलेली आहे. ते बघितलं की मला अजून राग येतो. सत्कारात बोलायचं नाही, एवढंच मी कबूल केलं होतं. लिहायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं.