टरबुजासारखा वाजवलेला दिवाण

नातीला पाहायला पाहुणे येणार म्हणून सून मला घेऊन दिवाण घ्यायला गेली. दुकानात पॉलिशचा वास नाकात शिरला आणि मला एका जागी उभं राहवेना.

असाच वास कारंजा गावच्या बाजारात होता. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि मला पाहायला येणाऱ्यांसाठी बाबा दिवाण घेत होते. एक जुना, नक्षीचा. बसून बसून त्याची फळी मधोमध खोलगट झालेली. दुसरा नवा, साधा. बाबा भाजीमळेवाले. दोन्ही फळ्यांवर त्यांनी टरबूज पारखताना मारतात तशा टिचक्या मारल्या, कान लावून ऐकलं, आणि मग माझ्याकडे वळले. "तूच सांग वं बाई, कोनता घेऊ?"

मला तोवर कोणी काही विचारलंच नव्हतं. त्या खोलगट जागेची उगाच भीती वाटली. "नवा घ्या," मी म्हटलं, आणि घरी येईपर्यंत मिरवत राहिले.

चार दिवसांनी त्यावर पाहुणे बसले. बाबांनी स्थळाला होकार आधीच कळवून टाकला होता.

"आई, कोनता घेऊ?" सून विचारत होती.

"मले नको विचारू," मी म्हटलं. "पोरीले विचार. अन् निस्तं दिवाणाचंच नको विचारू."