गुणगुणली तर पास

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. तरुणपणी ते स्टुडिओतल्या वादकांत पेटी वाजवत. एकदा एका हिंदी चित्रपटाच्या संगीतकाराचं निर्मात्याशी वाजलं. संगीतकार तरातरा निघून गेला आणि गाणं तर दुसऱ्याच दिवशी हवं होतं. तेव्हा कोपऱ्यातला हा पेटीवाला म्हणाला, "मी बघू का करून?" बुडत्याला काडीचा आधार! निर्मात्याने मान हलवली आणि मास्तरांची गाडी सुरू झाली. फार मोठं नाव झालं अशातला भाग नाही. पोस्टरवर ते तळाला, बारीक अक्षरांत असायचं. गाणी मात्र लोकांच्या तोंडी बसायची. गाणं कुणाचं म्हणून विचारलं तर लोक बेधडक हिरोचं नाव सांगायचे. यावर मास्तर चिडायचे, आणि त्यांनी का चिडू नये?

त्यांची पद्धत म्हणजे आधी चाल, मग शब्द. शब्द नसले की तोंडाला येईल ते गायचं. डोळे मिटून, गळ्यात सगळं दुःख आणून मास्तर गायचे, "नळाला पाणी आलं का गं, बादली भरून घे ना गं." गाणी लिहिणाऱ्याला सगळे कवी म्हणत. तो कपाळावर हात मारून घ्यायचा.

"मास्तर, हिरोईनचा प्रियकर गेलाय हो! तिच्या हातात बादली कशी देऊ?"

"अक्षरं मोज आणि तुला काय द्यायचं ते दे."

मग बादलीच्या जागी चांदण्या यायच्या आणि थिएटरात बायका पदराने डोळे पुसायच्या.

एकेका गाण्याला मास्तर चार-पाच चाली करत. त्यातली कुठली द्यायची हे कोण ठरवायचं? त्यांची बायको. आणि तिला याचा पत्ताच नाही, अशी मास्तरांची ठाम समजूत. घर दोन खोल्यांचं. संध्याकाळी ते बाहेरच्या खोलीत पेटी घेऊन बसत आणि बायको मधल्या दारात उसवलेलं काहीतरी शिवत बसे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भांडी घासायला लागली की मास्तर पेपर तोंडासमोर धरून कान टवकारत. ती जी चाल गुणगुणेल ती पास, बाकीच्या नापास. "विचारून घेतलेलं मत खोटं असतं," ते कवीला सांगत. "भांडी घासताना माणूस खोटं गात नाही."

पुढे दिवस पालटले. कानामागून आले आणि तिखट झाले, असं मास्तर नव्या पोरांबद्दल म्हणत, पण म्हणून काम थोडंच मिळतं! फोन वाजेनासा झाला. काही वर्षं तशीच कोरडी गेली. मग अचानक एका जुन्या निर्मात्याचा, शेठचा, फोन आला. शेठ म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस. हवापाणी झालं, गुडघेदुखी झाली आणि शेवटी तो म्हणाला, "शुक्रवारी एक चाल ऐकवा. बसली तर सगळा पिक्चर तुमचा. नाही बसली तरी तुम्ही आपलेच आहात हो." या 'आपलेच'चा अर्थ मास्तरांना पुरता ठाऊक होता. हे हुकलं की पेटीवर कापड घालून ठेवायचं, कायमचं.

त्यांनी जीव ओतून चाली केल्या. सकाळी बायको भांडी घासत होती. गप्प. मास्तरांनी नव्या केल्या. दुसऱ्या दिवशीही ती गप्पच. कवी ऐकून गेला. "दुसरी झकास आहे," तो म्हणाला. मास्तर खेकसले, "तुला बादली कळली नाही कधी, तुला काय कळतंय?" गुरुवार उजाडला, तरी बाईंच्या तोंडून सूर नाही. आता मात्र मास्तरांचा तोल सुटला.

"अगं, मिठाची गुळणी धरलीयेस का?"

तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते तणतणत तिच्या पुढ्यात गेले आणि पुन्हा ओरडले. ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"अहो, मला ऐकू येत नाही. वर्ष झालं असेल. आधी थोडं थोडं यायचं. आता नुसती बोटं हलताना दिसतात."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुमच्या हाताला काम नव्हतं. त्यात माझं कुठे सांगू? बेसूर गायले तर तुम्हाला कळेल, म्हणून तोंड मिटून घेतलं."

शंभर वादकांत कुणाची तार कणभर उतरली तर मास्तरांना कळायचं. आणि बायकोचे कान गेले ते घरात राहून कळलं नाही! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. तरीही तोंडून निघून गेलंच, "मग आता चाल कोण निवडणार?"

ओठांवरून तिला कळलं. ती हसली.

"मी कानाने कधी निवडली होती? मला मेलीला गाण्यातलं काय कळतंय! परीक्षा घेता हे मला पहिल्या पिक्चरपासून ठाऊक आहे. वाजवताना ज्या चालीला तुमचा चेहरा खुलायचा, ती सकाळी गुणगुणायचे. निवडत तुम्हीच होता हो. तुम्हाला आपलं कुणीतरी हो म्हणायला लागायचं."



"काढा पेटी," ती हात पुसत म्हणाली. "मी बघते."

ती त्यांच्या अगदी समोर बसली. मास्तर एकामागून एक चाली वाजवत गेले. चौथ्या चालीला तिने हात वर केला.

"ही."

"अगं, मी चालीमुळे रडत नाहीये," मास्तर डोळे पुसत म्हणाले.

"कशाने का असेना. हीच द्या."

शेठला तीच ऐकवली. तो उठून उभा राहिला आणि पिक्चर मास्तरांना मिळाला. ते गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. दुकानांत तेच, टॅक्सीत तेच, शेजारच्या खिडकीतूनही दिवसभर तेच. खिडकीतून ते सुरू झालं की बायको मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून विचारायची, "आपलंच लागलंय ना?" मास्तर मान हलवायचे आणि हे गाणं कधी एकदा संपतंय असं त्यांना होऊन जायचं.